एकच दिवस हाताशी असेल तर: रेवदंडा-चौल की मुरूड-जंजिरा?

मुंबईहून सकाळी निघायचं, समुद्रकाठी निवांत चालायचं, एखादं जुनं गाव पायाखाली घालायचं आणि रात्री घरी झोपायला परत, असा बेत ठरला की रायगड जिल्ह्यातली दोन नावं हमखास निघतात: मुरूड-जंजिरा आणि रेवदंडा-चौल. दोन्ही एकाच किनारी रस्त्यावर. अलिबागहून रेवदंडा साधारण १७ किलोमीटर, मुरूड जवळपास ५०. नकाशात हा फरक किरकोळ वाटतो, पण दिवसाचा निकाल तिथेच लागतो.

आधी जंजिऱ्याला त्याचा मान देऊ. भर समुद्रात उभा असलेला असा किल्ला दुसरीकडे सहजासहजी दिसत नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते आणि अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही. आत कलालबांगडी तोफ आहे, चारही बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याचे तलाव आहेत. १६८२मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीकडून समुद्रात भराव टाकून वाट काढायचा प्रयत्न केला, तो का करावासा वाटला असेल हे तटावर उभं राहिलं की लगेच उमगतं. समोर शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो. हे सगळं खरं.

पण वेळ जातो कुठे ते बघा. अलिबागपासून वळणावळणाचा रस्ता, मध्ये काशीदला गाड्यांची गर्दी, धक्क्यावर तिकिटाची रांग, होडी भरेपर्यंत थांबणं, आणि किल्ल्यात पोचल्यावर होडीवाले देतात तो पाऊण-एक तास. रविवारी तर माणसांच्या पाठी बघतच किल्ला संपतो. मुरूडचा किनारा लांबरुंद आणि छान आहे, मात्र तो वाट्याला येतो तेव्हा घड्याळ परतीचा धोशा लावत असतं. खोकरीचे सिद्द्यांचे मकबरे राजपुरीच्या अगदी जवळ, शांत आणि देखणे; तेही बहुतेकांचे राहूनच जातात.

रेवदंड्यात किल्ल्याकडे जावं लागत नाही, गावच कोटात वसलेलं आहे. रस्ता तट फोडून आत शिरतो. पोर्तुगीजांनी निजामशाहीची परवानगी घेऊन १५२१च्या सुमारास इथे बांधकामाला हात घातला आणि १७४०मध्ये हे ठाणं मराठ्यांकडे आलं. त्या मधल्या दोनशे वर्षांचे अवशेष नारळी-पोफळीच्या वाड्यांतून विखुरले आहेत. ‘सातखणी’ म्हणतात तो मनोरा दुरूनच दिसतो. सगळे मजले आता उरलेले नाहीत, पण खाली उभं राहून वर पाहिलं की एकावर एक चढत गेलेल्या खिडक्या आणि त्यांतून डोकावणारं आभाळ दिसतं. मागे समुद्राच्या अंगाचा तट आणि त्याला लागून काळसर वाळूची पुळण. काशीदची पांढरी वाळू डोक्यात ठेवून आलात तर हिरमोड होईल. इथे घोडागाडीवाले आणि भेळवाले कमी, म्हणूनच तर यायचं.

चौल तिथून तीन-चार किलोमीटरवर. आज वाड्यांतून झोपलेलं वाटणारं हे गाव एकेकाळी इतकं नावाजलेलं बंदर होतं की दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी इथे येऊन गेला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकायच्या इराद्याने इथे उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. १५०८मध्ये इथल्याच कुंडलिका खाडीच्या तोंडाशी झालेल्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. रामेश्वराच्या देवळात जरूर थांबा. समोर मोठी पुष्करणी, आणि आत पर्जन्यकुंड. पावसाने ओढ दिली की ते उघडायची प्रथा. दत्ताच्या डोंगराला शेकडो पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर तो बेत खुशाल गाळा.

उणं बोलायचं तर फलक जवळजवळ नाहीत, झाडोरा माजलेला, आणि थोडं वाचून गेलं नाही तर ‘इथे आहे काय?’ असं वाटू शकतं. जंजिऱ्यात तो प्रश्नच पडत नाही.

तारीख ठरवताना सुट्टीआधी तिथी पाहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना ठोकताळा आजही चालतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा: भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, म्हणजे ओहोटी ऐन दुपारी बाराला, डोक्यावर ऊन घेऊन. चालायला तो दिवस वाया. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे भरती बाराच्या सुमारास येते, मग चारनंतर पाणी मागे सरत जातं आणि तटाच्या कडेने सलग चालायला ओली, घट्ट वाळू मिळते. सकाळी चौल, दुपारी जेवण, उतरत्या उन्हात पुळण, असा क्रम आपोआप बसतो. मुरूडला हीच संध्याकाळ साधायची तर घरी पोचायला मध्यरात्र होणार.

गेटवे ते मांडवा लाँचने जाताना परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ आधीच विचारून ठेवा. सूर्यास्त बघायचाच असेल तर येताना पेणमार्गे एसटी बरी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, जंजिऱ्याच्या होड्याही. जेवणाचं म्हणाल तर दोन्हीकडे मासे ताजे. घरगुती खानावळीत सकाळी जाताना सांगून ठेवलं तर दुपारी ताटकळावं लागत नाही.

तासभर हाताशी उरला तर साळावचा पूल ओलांडून कोर्लई गाठा. किल्ल्याचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे, आणि पायथ्याच्या गावात पोर्तुगीज वळणाची एक बोली अजून घराघरांत बोलली जाते.

तेव्हा दोघंच असाल, चालायची आवड असेल, किंवा आईवडिलांना होडीतल्या चढउताराची धास्ती वाटत असेल, तर रेवदंडा. सोबत किल्ल्यांनी झपाटलेली दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर त्यांना पडक्या भिंती दाखवून काही उपयोग नाही. त्यांना जंजिराच हवा. मात्र मग मुरूडला एक मुक्काम धरा, शनिवार-रविवार टाळा आणि राजपुरीची पहिली होडी पकडा.