फोनिक्स कार्डांचा डबा, आठ महिने वापरून झाल्यावर

फोनिक्स म्हणजे अक्षराच्या नावाऐवजी आवाजावरून इंग्रजी वाचायला शिकवणं, त्याचा हा डबा मुलीसाठी जूनमध्ये घेतला होता, आता फेब्रुवारी चालू आहे. घेताना मीपण सगळे रिव्ह्यू वाचलेले आणि ते सगळे पार्सल उघडल्याच्या दिवशीच लिहिलेले, पॅकिंग मस्त, मुलाला आवडलं, पाच स्टार. तेव्हाच ठरवलं की आपण लिहू ते कार्डांचे कोपरे मऊ पडल्यावर. आता पडलेत. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, दुकानात असे चार-पाच डबे बघितले तर आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो.

आमच्याबद्दल थोडं. भांडुप, वन रूम किचन, मी आणि नवरा दोघंही नोकरीला, मुलगी दुसरीत, मराठी माध्यम आणि ते बदलायचं नाही हे पक्कं. इंग्रजी शाळेत पहिलीपासून आहेच (आमच्या वेळी पाचवीपासून होतं, २००० साली पहिलीपासून झालं). पण जूनमध्ये तिची अवस्था अशी की एबीसीडी झेडपर्यंत धडाधड, ॲपल बॉल कॅट तोंडपाठ, आणि 'मॅट' एवढासा शब्द समोर आला की एम, ए, टी म्हणणार आणि माझ्या तोंडाकडे बघणार. तिचंही खरंच आहे म्हणा, एम ए टी जोडून 'एमेटी' होतं, त्यात मॅट कुठून येणार.

तर हा डबा १,८९९ ला पडला. त्यात कार्डं, दोन वर्कबुक, चार रेघांची पुसता येणारी पाटी आणि एका ॲपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन. सुरुवात एबीसीने नाहीये, एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी आहे आणि अक्षराचं नाव नाही तर आवाज शिकवायचा. कारण साधं आहे, या सहाच अक्षरांत सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन असे ढीगभर शब्द होतात, मूल पहिल्याच आठवड्यात वाचायला लागतं. असं पुस्तिकेत लिहिलंय.

आमच्याकडे पहिले तीन आठवडे काहीही झालं नाही. ती म्हणायची स... ॲ... ट... आणि जोडून 'सॲट'. मी सांगायची भराभर म्हण, तर भराभर सॲट. रोज संध्याकाळी तेच, माझा आवाज चढायचा, तिचे डोळे भरायचे, एकदा तर कार्डं कपाटावर टाकून दिली होती मी. शेवटी शेजारच्या बाईंनी सोडवलं, त्या महापालिकेच्या शाळेतून रिटायर झाल्यात. त्या दारातूनच म्हणाल्या, "अगं तिला स काय शिकवतेस, पाय मोडका स् सांग. आपल्या अक्षरात अ आतच बसलेला असतो, तो काढ आधी." मग पाटी घेऊन समोर बसल्या आणि विचारलं, "ट् ला ॲ लावला की काय गं?" चौदाखडी शाळेत झालेली आहे, त्यामुळे लगेच, "टॅ." "त्याला पाय मोडका प् जोड." दोन सेकंद शांतता आणि मग "टॅप! मम्मी टॅप म्हणजे नळ ना?" आणि पळत मोरीत जाऊन नळ उघडला. पाणी नव्हतं ती गोष्ट वेगळी.

म्हणजे ज्या मुलाला का, कि, की, कु कसं होतं ते कळलंय त्याला इंग्रजी आवाज जोडणं निम्मं आधीच येत असतं, फक्त ते त्याला त्याच्या भाषेत सांगावं लागतं. आणि हे अख्ख्या पुस्तिकेत एका ओळीनेही नाहीये. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर घरात इंग्रजी बोलणारं मूल आहे हे पानोपानी जाणवतं. झेडचा आवाज आम्ही 'जहाजातला ज' आणि जेचा 'जेवणातला ज' असा केला, दोन मिनिटांत विषय संपला. अगदी शंभर टक्के तोच आवाज नाही, पण जवळचा आहे, चालतंय.

चित्रांची पण तीच तऱ्हा. आयला इग्लू. भांडुपमध्ये इग्लू कुणी बघितलाय? आम्ही वर कागद चिकटवून इडली काढली. क्यूला क्विल्ट, ती म्हणाली ही तर आजीची गोधडी, मग क्यू म्हणजे गोधडी हे डोक्यात असं बसलं की काढता काढता नाकी नऊ आले. आणि एक्सला झायलोफोन, ज्याच्या सुरुवातीला एक्सचा आवाजच नाही! आवाज शिकवायच्या कार्डावर ही चूक म्हणजे कमाल आहे, तिथे बॉक्स किंवा फॉक्स हवं. कार्डामागच्या क्यूआर कोडवरचा आवाज अमेरिकन, 'हॉट'ला जवळपास 'हाट' म्हणतो, शाळेत बाई हॉट म्हणतात, पोर बिचारं कुणाचं ऐकणार. नोव्हेंबरपासून निम्मे क्यूआर उघडतच नाहीत, दोनदा मेल केला, उत्तर आलं 'युवर क्वेरी इज इंपॉर्टंट टू अस', बस.

तरी वाचनाला मी साडेचार देईन. दिवाळीपर्यंत एसएच, सीएच, टीएच झालं, नंतर तो शेवटचा मुका ई, म्हणजे कॅपचं केप आणि पिनचं पाईन होतं तो, त्याची तिला फार मजा वाटली, दिसेल त्या शब्दाला ई लावत सुटली होती. मग द, सेड, वॉज, वन हे असले नियमात न बसणारे शब्द. ते जोडून वाचता येत नाहीत किंवा अर्धेच येतात, बघून बघून डोळ्यात बसवावे लागतात. डब्यात त्यांची ३० कार्डं होती, कमी पडली. डॉल्च लिस्ट म्हणून जुनी २२० शब्दांची यादी आहे, नेटवर मिळते, मी झेरॉक्स काढून फ्रिजवर लावली, रोज तीन शब्द.

खरी परीक्षा झाली लोकलमध्ये. दर रविवारी आम्ही लालबागला आजीकडे जातो, भांडुप ते करी रोड, स्लो ट्रेन, खिडकी तिची. कांजुरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला, सगळ्या पाट्यांवरचं इंग्रजी खडाखडा, आजूबाजूच्या बायका कौतुकाने बघतायत, मी पण जरा ताठ बसलेली. आणि आलं एस-आय-ओ-एन. "सिऑन!" मग देवनागरी वाचलं, "शीव". मग वरून अनाऊन्समेंटवालीने इंग्रजीत सांगितलं सायन. तीन नावं! "मम्मी इथे तीन स्टेशनं आहेत का?" अख्खा डबा हसला. परळनंतर करी रोडला आम्ही उतरतो म्हणून वाचलो, नाहीतर पुढे भायखळ्याचं स्पेलिंग होतंच, बी-वाय-सी-यू-डबल एल-ए. पण त्या दिवसापासून तिला एक कळलं की काही शब्द फोडायचे आणि काही नुसते ओळखीचे करून घ्यायचे, हे मी महिनाभर सांगून कळत नव्हतं.

वाचायला पुस्तकं विकत घेऊ नका इतक्यात. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर म्हणून साईट आहे, २०१५ पासून, पूर्ण फुकट, गोष्टी लेव्हल एक ते चार अशा लावलेल्या, डाऊनलोड करून प्रिंट काढा काहीही करा. बऱ्याच गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हीत आहेत. आम्ही आधी मराठीत वाचतो आणि दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत, म्हणजे गोष्ट माहीत असते, झगडायचं फक्त शब्दांशी. आता लेव्हल दोन चालू आहे.

लिखाण मात्र तीन. तेही ओढूनताणून. वर्कबुकमध्ये गाळलेली अक्षरं भरा, जोड्या लावा, गिरवा एवढंच, स्वतःचं एक वाक्य लिहायला कुठे सांगितलेलंच नाही. फोनिक्समुळे ती ऐकू येतं तसं लिहिते, स्कूल एस-के-यू-एल, सेड एस-ई-डी. मला आनंद होतो कारण तिने प्रत्येक आवाज पकडलाय, शाळेत डिक्टेशनला दहात चार मिळतात आणि वहीत लाल फुली. यात शाळेचं चूक म्हणत नाही मी, स्पेलिंग स्पेलिंग असतं, पण घरी मी ती फुली मारत नाही. घरी एक वेगळी वही केली, रोज एकच वाक्य, तिच्या मनातलं, कसंही लिही. काल लिहिलं होतं, 'पप्पा केम लेट, ट्रेन वॉज फुल', वॉज बरोबर लिहिला होता! बी आणि डी अजून उलटे होतात कधीकधी, होऊ देत.

आणि बोलणं. इथे डब्याने आणि ॲपने मिळून निराशा केली. ॲप वाक्य ऐकवतं, मुलाने म्हणायचं, ते ऐकून स्टार देतं. आमच्या घरात पंखा, कुकरची शिट्टी, बाजूच्यांची सिरीयल, ॲपला काही ऐकूच यायचं नाही, 'ट्राय अगेन'. बरोबर बोलूनही सहा वेळा ट्राय अगेन आलं की पोर गप्प बसणारच. आणि जे जमलं ते पण पोपटपंची, 'आय ॲम फाईन थँक यू' एवढं सफाईदार, पुढे कुणी काही विचारलं की खल्लास.

बोलायला लागली ती आजीमुळे, जिला इंग्रजी येत नाही. आजी भाजी निवडत बसलेली, ही टीचर होऊन समोर. जुडी उचलून, "व्हॉट इज धिस?" आजी म्हणाली, "धिस इज कोथिंबीर." "आजी, कोथिंबीर इज नॉट इंग्लिश." "मग इंग्रजीत काय?" हिलाही येत नव्हतं, जरा थांबून म्हणाली, "ग्रीन... स्मॉल लीफ... फॉर आमटी." आजी म्हणाली, "मग एवढं येतंय की तुला." मी आतून ऐकत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने न पाठ केलेलं काहीतरी जुळवलं होतं, कारण समोरचा माणूस चुका काढणारा नव्हता. त्यानंतर घरी नियम केला, रोज दहा मिनिटं दुकान-दुकान, मध्ये टोकायचं नाही, अडली तर मराठी शब्द घाल आणि पुढे चल. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही ती 'व' म्हणते, मी पण तेच म्हणते, त्यावर वेळ घालवत नाही.

घ्यावा का? मूल पहिली-दुसरीत असेल, आणि तुमच्याकडे रोज वीस मिनिटं बसणारं मोठं माणूस असेल तर घ्या, पण फक्त कार्डांचा मिळाला तर तो घ्या, ८०० च्या आसपास मिळतो. तिसरी-चौथीचं मूल थोडंफार वाचत असेल तर नको, सरळ गोष्टी वाचायला द्या. ॲपवाला घेतलाच तर पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-रिन्यू बंद करा. वर्षाचं म्हणून विकतात आणि वर्ष संपायच्या चार महिने आधीच पुढच्याचे पैसे कापतात. माझे १,४९९ गेल्या आठवड्यात गेले, रिफंडचा मेल टाकलाय, उत्तर आलंय की युवर क्वेरी इज इंपॉर्टंट टू अस.