टॉर्च पेटेना म्हणून दुरुस्तीला दिला आणि आतला चांगला सेल गमावला

सहा वर्षं बिनतक्रार चाललेला माझा टॉर्च एका रात्री पेटेनासा झाला. बटण दाबलं की टक् असा आवाज यायचा, पण उजेड नाही. सेल आदल्याच संध्याकाळी चार्ज केला होता, चार्जरचा हिरवा दिवाही लागला होता. मी फार खटपट न करता टॉर्च आहे तसा, सेलसकट, दुरुस्तीवाल्याच्या हातात दिला. चूक झाली ती इथेच.

त्याने बटण दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, सर्किट उडालंय. सेलही गेलाय. दोन्ही बदलावं लागेल." दोन दिवसांनी टॉर्च मिळाला, लखलखीत पेटतही होता. नव्या टॉर्चच्या निम्मे पैसे मोजून मी घरी आले. आत लाल वेष्टनाचा नवा सेल होता, त्यावर ठसठशीत ९९०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचा आकडा. माझ्या जुन्या सेलवर ३००० होतं. तिप्पट ताकदीचा सेल मिळाला या समाधानात मी जुना परत मागितलाच नाही.

महिनाभरात मोठ्या उजेडावर ठेवला की दहा मिनिटांत टॉर्च लुकलुकून विझायला लागला आणि एक दिवस पेटायचाच बंद झाला. धाकटा भाऊ घरी आला होता, त्याला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे. त्याने मल्टिमीटर लावला तर ३.९ व्होल्ट दिसले. मला वाटलं, म्हणजे सेल ठीक आहे. तो म्हणाला, "ताई, नुसते व्होल्ट बघून कळत नाही. काम पडलं की टिकतात का ते बघायचं." मग त्याने सेल स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. २७ ग्रॅम. १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा खरा सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. आणि या मापात चांगल्यातला चांगला सेलही साडेतीन हजार एमएएचच्या आसपास, फार तर चार हजार. ९९०० हा आकडा छापलेला दिसला की तिथेच ओळखायचं. भावाने स्वतःचा सेल घातला आणि टॉर्च क्षणात पेटला.

मग त्याने पुढचं तोंड भिंगाखाली धरलं. आट्यांवरचा कंपनीचा गोंद जसाच्या तसा होता, कुठे चीरसुद्धा नाही. सर्किट बदलायचं तर तिथूनच उघडावं लागतं. उलट मागच्या टोपणात, बटण धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या रिंगवर दोन्ही भोकांपाशी ताजे ओरखडे होते. ती रिंग सैल झाली होती आणि दुरुस्तीवाल्याने चिमट्याने आवळली होती, याबद्दल मला आता शंका नाही. अर्ध्या मिनिटाच्या कामासाठी मी सर्किटचे पैसे भरले आणि वर खरा सेल देऊन खोटा घेऊन आले. विचारायला गेले तर "माल असाच येतो, जुना फेकून दिला" एवढंच ऐकवलं.

तुमचा टॉर्च पेटत नसेल तर आधी घरी बघा. मागचं टोपण पूर्ण आवळा. पाव फेरा सैल असला तरी बऱ्याच टॉर्चमध्ये वीज पुढे जात नाही, कारण आट्यांवरचा रंगीत थर वीज वाहू देत नाही आणि नळीची उघडी कडा टोपणाला टेकावी लागते. ती कडा आणि स्प्रिंग कोरड्या कापडाने पुसा. सेलची दिशा बघा. साध्या अल्कलाइन सेलचा पांढरा खार साचला असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने काढा, नुसत्या बोटांनी नको.

एवढ्यानेही पेटला नाही तर भावाने शिकवलेली ही युक्ती करा. बटण मागच्या टोपणात असलेल्या टॉर्चसाठी आहे. टोपण काढा, सेल आतच राहू दे. धातूच्या चिमट्याचं एक टोक सेलच्या मागच्या सपाट बाजूला आणि दुसरं नळीच्या उघड्या कडेला टेकवा. टॉर्च पेटला तर सेल, सर्किट, दिवा सगळं धडधाकट. दोष टोपणातल्या बटणाचा किंवा सैल रिंगचा. नाही पेटला तर खात्रीचा दुसरा सेल घालून पाहा. सेलचं वेष्टन फाटलेलं असेल तर मात्र हा प्रयोग अजिबात करू नका.

आणि दुरुस्तीला द्यायचाच झाला तर सेल काढून घरी ठेवा. तपासायला हवाच म्हणाले तर त्याचा फोटो काढून मग द्या, आणि बदललेला प्रत्येक भाग परत मागा. मला "सर्किट उडालंय" म्हणाला तेव्हा मी "ते उडालेलं सर्किट द्या" एवढंच म्हटलं असतं, तर त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं.

तो लाल सेल दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मी ई-कचऱ्यात दिला. टॉर्चमध्ये आता घातलाय तो ४६ ग्रॅमचा आहे, विकत घेतल्याबरोबर वजन करूनच.