फेलाइन व्हॅक्सिचेक: कॅलिसीचा ठिपका जपून वाचावा

इस्रायलच्या बायोगल कंपनीचे ‘फेलाइन व्हॅक्सिचेक’ हे किट मांजराच्या रक्तात पॅनल्युकोपेनिया (पांढऱ्या पेशी घटवणारा जीवघेणा आजार), हर्पिस (सर्दी-डोळ्यांचा आजार) आणि कॅलिसी (सर्दी आणि तोंडातले व्रण) यांच्या तीन विषाणूंविरुद्ध प्रतिपिंडे किती आहेत ते दाखवते. सरसकट बूस्टर टोचण्याआधी रक्त तपासावे, या विचाराने आमच्या बोक्यासाठी मी ही चाचणी करून घेतली. रक्त अगदी थोडे लागते. प्लास्टिकची फणी एकामागून एक खाचांतल्या द्रवात बुडवत जातात आणि अर्ध्या तासाच्या आत तिच्या दातावर करडे ठिपके उमटतात. संदर्भासाठी दिलेल्या ठिपक्याशी त्यांचा गडदपणा ताडून शून्य ते सहा अशी श्रेणी ठरते. दवाखान्यातच निकाल हाती पडतो, ही मोठी सोय आहे.

पॅनल्युकोपेनियाच्या ठिपक्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. लस घेतलेल्या प्रौढ मांजरात ही प्रतिपिंडे आढळली, तर त्याला संरक्षण आहे असे मानता येते, आणि डब्ल्यूएसएव्हीए या जागतिक पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

कॅलिसीचे तसे नाही, आणि त्यात किटचा दोष नाही. कॅलिसी हा आरएनए विषाणू आहे. सुमारे 7,700 अक्षरांच्या त्याच्या जनुकसंचाची नक्कल होताना चुका दुरुस्त होत नाहीत, त्यामुळे प्रतिपिंडे ज्या बाह्य आवरणाला चिकटतात त्याचाच एक भाग सतत बदलत राहतो. एकाच मांजराच्या घशात दीर्घकाळ राहिलेला विषाणूही तिथल्या तिथे रूप पालटतो. अनेक लसींत आजही 1958 मध्ये वेगळा केलेला एफ9 हा प्रकार असतो. तो पुष्कळ प्रकारांविरुद्ध आजाराची तीव्रता कमी करतो, पण संसर्ग रोखत नाही. 1998 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात आढळलेल्या घातक प्रकाराने तर लस घेतलेली प्रौढ मांजरेही गंभीर आजारी पडली होती.

फणीवरचा ठिपका एवढेच सांगतो की किटमधल्या ठरावीक प्रतिजनाला (विषाणूच्या ओळखल्या जाणाऱ्या भागाला) चिकटणारी प्रतिपिंडे रक्तात आहेत. उद्या शेजारच्या मांजराकडून येणाऱ्या प्रकाराला ती निष्प्रभ करतील का, हे त्यावरून कळत नाही. उलट ठिपका फिकट असला तरी मांजर असुरक्षितच आहे असेही नाही, कारण तोंडा-नाकातली स्थानिक प्रतिकारशक्ती आणि पेशींचा प्रतिकार या रक्तचाचणीत दिसतच नाहीत.

म्हणूनच आमच्या दवाखान्याने अहवालावर ‘तिन्ही आजारांपासून संरक्षित’ असा एकच शेरा मारला, तो मला खटकला. पॅनल्युकोपेनियाच्या बूस्टरचा निर्णय घेण्यासाठी ही चाचणी मी आनंदाने सुचवेन. मात्र घरात नवे मांजर आणताना ते कॅलिसीचे वाहक आहे का, हे जाणून घ्यायचे असेल, तर घशाचा स्वॅब घेऊन पीसीआर (विषाणूचे जनुक शोधणारी चाचणी) करून घ्यावी. जिभेवर व्रण दिसत असतील किंवा लाळ गळत असेल, तर ही पीसीआर टाळूच नये.