एसीएल फाटलं, आता ग्राफ्ट कुठला?

एसीएल हे गुडघ्यातलं, मांडीचं हाड नडगीला बांधणारं लिगामेंट. ते फाटलं की त्याच्या जागी शरीरातलाच दुसरा टेंडन बसवतात, तोच ग्राफ्ट. ऑपरेशन ठरलं की सर्जन विचारतात, ‘गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन घेऊ की मांडीमागचा?’ बालेवाडीला कबड्डी खेळणारी मुलगी असो की सिंहगड उतरताना गुडघा पिळवटलेला माणूस, उत्तर दोघांचं एकच असेल असं नाही.

लिगामेंट हाडाला हाड बांधतं, टेंडन स्नायूला हाडाशी. दोन्ही संयोजी ऊतीच: पेशी मोजक्या, बाकी बहुतेक कोलॅजन या प्रथिनाचे घट्ट तंतू. म्हणून एकाच्या जागी दुसरा बसवता येतो. पूर्ण फाटलेलं एसीएल आपलं आपण क्वचितच नीट जुळतं, कारण सांध्यातल्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही आणि तिच्याशिवाय जखम भरायला सुरुवातच होत नाही.

वाटीखालच्या टेंडनचा मधला तिसरा हिस्सा दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट काढतात. हाड हाडाला साधारण ६ ते ८ आठवड्यांत धरतं. मांडीमागच्या टेंडनला हाडाच्या बोगद्यात रुजायला ८ ते १२ आठवडे लागतात. झटक्यात दिशा बदलावी लागणाऱ्या खेळातल्या तरुणाला मी म्हणूनच वाटीखालचा सुचवेन. पुन्हा फाटण्याचा धोकाही त्यात थोडा कमी दिसतो.

पण त्याची किंमत गुडघा टेकताना कळते. वाटीच्या पुढे दुखणं काहींना वर्षानुवर्षं सोडत नाही. फरशी बसवणारा कारागीर, तालमीतला पैलवान, रोज नमाज पढणारे आजोबा यांच्यासाठी ही बाब क्षुल्लक नाही. अशांनी मांडीमागचा घ्यावा. त्यात गुडघा पूर्ण दुमडताना लागणारी ताकद थोडी घटते. वेगाने धावणाऱ्याला ते जाणवेल, बाकीच्यांना सहसा नाही. शिवाय काढलेला टेंडन बऱ्याच जणांत पुन्हा वाढतो, हे मला शरीराचं मोठं औदार्य वाटतं.

वाटीच्या वरचा टेंडन हा तिसरा पर्यायही आहे. तोही विचारून घ्या.

निवड कुठलीही असो, नवा ग्राफ्ट आधी कमजोर होतो. त्यातल्या जुन्या पेशी मरतात, मग रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येऊन तंतू पुन्हा विणतात. याला वर्षभर किंवा जास्तही लागतं, आणि दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबलेलं असतं. त्यामुळे ९ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नका. आणि सर्जनना सरळ विचारा: यातलं कुठलं ऑपरेशन तुम्ही जास्त करता? ज्यात त्यांचा हात बसलेला आहे, त्या पर्यायाला मी झुकतं माप देईन.