लाल चोपडा, चार वाचक आणि ‘१९८४’: सात महिन्यांच्या वापरानंतर

(कादंबरी वाचायची असेल तर आधी ती वाचा. खाली शेवटापर्यंतच्या गोष्टी आल्या आहेत.)

मी बडोद्याला दांडिया बाजारात घरीच अकरावी-बारावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. गेल्या दिवाळीत मांडवीकडच्या एका दुकानातून लाल कापडी बांधणीचा लांबट चोपडा आणला, व्यापारी पूजेला ठेवतात तसला. जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’, म्हणजे सगळ्यांवर पाळत ठेवणाऱ्या एका हुकूमशाही राजवटीची कादंबरी, चार मुलांबरोबर वाचताना त्यांचे अंदाज त्यात लिहून घ्यायचे असं ठरवलं होतं. पानावर चार रकाने: आत्ता कोणाच्या डोळ्यांनी दिसतंय, पुढे काय होईल, असं का वाटतं, आणि निकाल. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं, दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं.

पहिला रकाना मुलांना सुरुवातीला फालतू वाटला. कादंबरीत ‘मी’ नाही, नायक विन्स्टनला ‘तो’ म्हटलंय, म्हणजे सांगणारा तटस्थ, अशी चौघांचीही पक्की समजूत. मी तेव्हा ती खोडून काढली नाही. ते काम चोपड्याने केलं.

सुरुवातीला आम्ही पेन्सिल वापरत होतो. ती चूक होती. अंदाज चुकला की मुलं हळूच रबर फिरवायची. मग पहिल्या भागाचं चौथं प्रकरण आलं. तिथे विन्स्टनची नोकरी कळते: जुन्या वर्तमानपत्रांतली सरकारी भाकितं मागाहून बदलणं. तिमाहीत १४.५ कोटी बूटजोड निघतील असं भाकीत होतं, निघाले म्हणे ६.२ कोटी. तेव्हा विन्स्टन जुना आकडा ५.७ कोटी करून टाकतो, म्हणजे उत्पादन ठरल्यापेक्षा जास्तच झालं असं दिसावं. वाचता वाचता चौघांतली माझी भाची थांबली आणि म्हणाली, “मावशी, आम्ही रबराने हेच करतोय.” त्या संध्याकाळपासून बॉलपेन. चुकलं तर चुकलं, व्यापाऱ्याच्या चोपड्यात खाडाखोड चालत नाही तशी इथेही नाही. ही पद्धत कोणी वापरणार असेल तर पहिल्या दिवसापासून पेनच द्या.

खरी कमाई दुसरा भाग संपून तिसरा सुरू होताना झाली. काळ्याभोर केसांची मुलगी, म्हणजे विन्स्टनची पुढे प्रेयसी होणारी जूलिया, हेर आहे, ती विन्स्टनला पकडून देणार असं तिघांनी लिहिलं होतं. सत्ताधारी पक्षातला बडा अधिकारी ओब्रायन आतून राजवटीचा विरोधक आहे असं चौघांनी. जुन्या वस्तूंच्या दुकानातला चॅरिंग्टन भला म्हातारा, हेही चौघांनी. शेवटी जूलिया खरी निघते, ओब्रायन छळ करणारा, चॅरिंग्टन विचार-पोलिसांचा, म्हणजे राजवटीविरुद्ध नुसता विचार करणाऱ्यांनाही पकडणाऱ्यांचा, माणूस. एका बैठकीत अकरा नोंदींपुढे फुली मारावी लागली. मुलं नाराज झाली, एकाला तर फसवल्यासारखं वाटलं. मग आम्ही ‘असं का वाटतं’ हा रकाना मोठ्याने वाचला. प्रत्येक कारण विन्स्टनचं होतं! ओब्रायनशी झालेली एक नजरानजर, चॅरिंग्टनचं मऊ बोलणं. आम्ही त्याच्या डोक्यात बसून बघत होतो. तो जिथे चुकला तिथेच आम्हीही चुकलो. ‘तो’ म्हणणारं निवेदनही एकाच माणसाच्या खिडकीतून दिसणारं असू शकतं, हे मी फळ्यावर पुष्कळदा लिहिलंय. ते इतकं खोल उतरताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मुलांनी आपण होऊन पाचवा रकाना पाडला: विन्स्टनचे अंदाज. तोही मनातल्या मनात भाकितं करत असतो. सहकारी सायम नाहीसा होईल म्हणतो, तो होतो. शेजारी पार्सन्स कधीच सापडणार नाही म्हणतो, तर त्याची स्वतःची मुलगीच त्याला पकडून देते. दुकानातून घेतलेली विन्स्टनची रोजनिशीसुद्धा जाड आणि लाल पाठीची आहे, हेही मुलांनीच शोधलं.

त्रुटीही सांगते. वाचन फार संथ होतं. २४ प्रकरणांना आम्हाला जवळजवळ पाच महिने लागले, परीक्षा तोंडावर असेल तर हे परवडत नाही. एका मुलाने मोबाइलवर सारांश वाचून बरोबर अंदाज लिहायला सुरुवात केली. त्याचा ‘का’चा रकाना रिकामा राहू लागला तेव्हा ते कळलं. मी रागावले नाही, पण ज्याला पुढचं माहीत आहे त्याने दुसऱ्यांच्या कारणांवर प्रश्न विचारायचे, असं काम त्याला दिलं. ते तो उत्तम करतो.

उरलेल्या दोन महिन्यांत रशियन लेखक झाम्यातिनची ‘वुई’ ही कादंबरी घेतली. त्यात डी-५०३ हा इंजिनिअर स्वतःच ४० नोंदींमधून सगळं सांगतो. इथे चोपडा थोडा कमी पडला. ‘मी’ दिसताच मुलं सावध झाली, पहिल्याच नोंदीपासून त्याच्यावर संशय. फुल्या कमी आल्या आणि चर्चाही लवकर आटोपली. मला वाटतं क्रम उलटा ठेवायला हवा होता, ‘मी’ आधी, ‘तो’ नंतर.

कागद जाड आहे, शाई मागे उमटत नाही. शिवण अजून घट्ट आहे. निम्मी पानं शिल्लक आहेत.

‘१९८४’च्या शेवटी न्यूस्पीक या, कादंबरीतल्या राजवटीने घडवलेल्या भाषेवरचं परिशिष्ट आहे. गोष्ट संपली म्हणून मुलं ते सोडून देणार होती, मी आग्रहाने वाचायला लावलं. ते सगळं भूतकाळात लिहिलेलं आहे. शेजारच्या मुलीने तेवढं पाहून लिहिलं: “हे कोणीतरी नंतर लिहितंय. म्हणजे ती राजवट पडली असेल.” इतर तिघांना हे पटलेलं नाही. त्या नोंदीपुढचा निकालाचा रकाना आम्ही रिकामा ठेवला आहे.