आत गेलेला स्टोमा: वन-पीस की टू-पीस?

ऑपरेशननंतर आईची इलिओस्टॉमी (लहान आतड्याचं टोक पोटाबाहेर काढून केलेली मलाची वाट; पोटावरचं तिचं तोंड म्हणजे स्टोमा) आत ओढली गेली आणि त्या तोंडाच्या खालीच पोटाची वळी आली. मल गोळा करायला स्टोमावर पिशवी लावतात. वन-पीसमध्ये पिशवी आणि कातडीला चिकटणारी प्लेट एकसंध असते; टू-पीसमध्ये प्लेट वेगळी असते आणि पिशवी तिच्यावरच्या कडीत बसवतात. आम्ही दोन्ही प्रकारच्या पिशव्या वापरल्या. अशाच पेचात असलेल्यांसाठी हे लिहितोय.

टू-पीसची सोय खरी आहे. प्लेट लावताना स्टोमा समोर दिसतो, आणि प्लेट न काढता पिशवी बदलता येते. कोलोस्टॉमीत (मोठ्या आतड्याच्या स्टोमात) मल घट्ट येत असेल तर मी कदाचित हीच सुचवेन.

आमचं अडलं ते प्लेटवरच्या कडीपाशी. आई जेवायला मांडी घालून बसली की वळी दबायची, कडी मात्र वाकायची नाही. प्लेटची खालची कड सुटायची आणि पातळ मल आतल्या आत पसरायचा. वरून सगळं ठीक दिसायचं, कळायचं ते आग व्हायला लागल्यावर. त्या मलातले पाचकरस कातडी सोलवटतात, ओल्या कातडीवर पुढची प्लेट धरत नाही, की पुन्हा गळती. ब्रायन ब्रूक यांनी १९५२ मध्ये आतड्याचं टोक उलटं दुमडून पोटाबाहेर ठेवण्याची पद्धत मांडली, ती मल कातडीवर न येता थेट पिशवीत पडावा म्हणून. स्टोमा आत गेला की नेमका तोच फायदा जातो.

मऊ कन्व्हेक्स (कातडीच्या बाजूला फुगीर) वन-पीस आणि ती धरून ठेवणारा कमरेचा पट्टा सुरू केल्यावर आई बिनघोर बसू लागली. कन्व्हेक्स प्लेट टू-पीसमध्येही मिळते, कुणाच्या पोटाला ती मानवेलही. वन-पीस बदलताना दर वेळी कातडी ओढली जाते, हा आक्षेपही रास्त आहे. पण खालून रिकामी होणारी पिशवी रोज काढावी लागत नाही. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, बस्स. नेम धरून लावणं मात्र अवघड जातं. पारदर्शक पिशवी घ्या आणि खालच्या कडेपासून वर चिकटवत जा.

ठरवण्याआधी स्टोमा नर्सला रुग्णाचं पोट बसलेल्या स्थितीत पाहायला सांगा, झोपल्यावर वळी दिसतच नाही. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. आणि कुठलीही निवडलीत तरी आत्ताच मोठा साठा करू नका: पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आटत जातो, भोक दर वेळी मापूनच कापावं लागतं.