ऑइल हीटर, चार महिने आणि दीड मीटरची वायर

हीटर उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही. नऊ फिनचा, २००० वॉटचा, नेहमीचा ऑइल हीटर. आवाज नाही, वास नाही. तापायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो, पण बंद केल्यावर बराच वेळ ऊब धरून ठेवतो. आता वायरीकडे येते.

दीड मीटर! टेप लावून मोजली, तर प्लगसकट १ मीटर ४६ सेंटिमीटर भरली. एवढं धूड खोलीच्या मध्यभागी ठेवायचं आणि त्याला बाळाच्या दुपट्याएवढी वायर द्यायची, हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल?

बागेतल्या लाकडी शेडमध्ये माझं सुतारकाम चालतं. थंडीत तिथे पांढरा गोंद धरत नाही, वाळला की खडूसारखा भुगा होतो, आणि रंध्याच्या पात्यावर गंज चढतो. आधी रॉकेलचा हीटर वापरून पाहिला होता. एक लिटर रॉकेल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन हवेत येतं. सकाळी पटाशा घाम आल्यासारख्या ओल्या. शिवाय दार लावून बसायचं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची धास्ती. म्हणून हा विजेचा.

शेडमध्ये सॉकेट नव्हतं. घरातून २५ मीटरचं एक्स्टेन्शनचं रीळ ओढलं. (हीटरची वायर तीन मीटरची असती तरी ती घरापर्यंत पोचली नसती, हे घरातल्यांनी मला पुष्कळदा ऐकवलं आहे. मुद्दा तो नाही.)

तिसऱ्या आठवड्यात जळका वास आला. हीटरला हात लावला, तो ठीक. रीळ मात्र हात लावू देईना. आतले वेढे एकमेकांना चिकटून वितळले होते, आणि हीटरच्या प्लगची एक पिन काळी पडली होती. चूक माझीच. लागेल तेवढी वायर सोडून बाकीची मी नीटनेटकी गुंडाळून ठेवली होती. रिळावर दोन आकडे छापलेले असतात: पूर्ण उलगडलेल्या वायरीवर किती वॉट चालतील, आणि गुंडाळलेल्या वायरीवर किती. मी मोठा तेवढा वाचला होता.

नंतर कागदावर हिशेब मांडला. २३० व्होल्टवर २००० वॉट म्हणजे ८.७ अँपिअर. वायर पाऊण एमएमची, म्हणजे आतल्या तांब्याचा छेद पाऊण चौरस मिलिमीटर. जाऊन-येऊन ५० मीटर तांबं, रोध सुमारे १.३ ओहम. म्हणजे वायरीतच शंभरेक वॉट उष्णता! अंगणभर पसरलेली असती तर कळलंही नसतं. रिळात कोंडली, आणि तोच एक छोटा हीटर झाला. माझ्या पैशांनी बाग तापत होती, हे जास्त लागलं.

कंपनीला फोन केला. “एक्स्टेन्शन लावलं होतं? मग वॉरंटीत बसत नाही, मॅडम.” पुस्तिकेत लिहिलंय म्हणे. अहो, मग वायर लांब द्या ना! तीन फोन याच वादात गेले. चौथ्या वेळी एक मुलगा शांतपणे म्हणाला, “लांब दिली की लोक ती हीटरखाली गुंडाळून ठेवतात, मॅडम.” मी गप्प झाले. मी अगदी तेच केलं असतं. तेव्हा वायर आखूड ठेवण्यामागे विचार आहे, हे मान्य. तरी अर्धा मीटर जास्त देता आली असती. प्लग मी स्वतःच बदलून घेतला.

मग वायरमनला बोलावलं. जमिनीखालून अडीच एमएमची आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल, शेडमध्ये वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच ती तोडणारा). हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण खर्च वाचवायचा होता ना.

त्याच कंजूषपणात सोलरचाही हिशेब केला होता. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १.२ युनिट. कागदावर हीटर ३६ मिनिटं चालेल. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे राहिली अठरा. आणि लिथियम फॉस्फेटवाली शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणजे गरज असेल तेव्हाच रुसणार. सोलरवर फक्त एलईडी दिवे लावले. ते मजेत चालतात.

खरा फरक थर्माकोलने पडला. शेडच्या फळ्या १२ मिलिमीटरच्या. बाहेरपेक्षा आत १५ अंश जास्त हवे असतील, तर भिंती आणि छप्पर मिळून माझ्या हिशेबाने १८०० वॉट गळत होते. हीटर श्वास न घेता चालायचा. २५ मिलिमीटरचे थर्माकोल बसवून वर प्लायवूड ठोकलं (थर्माकोल उघडा ठेवू नका, भडकतो). आता गळती पाचशेच्या आसपास. हीटर ८०० वॉटवर ठेवते, तरी थर्मोस्टॅट मधूनमधून टक्‌ करून बंद होतो. तो टक्‌ ऐकायला मला इतकं आवडतं, की हातातली करवत थांबते. चार तासांच्या बैठकीला पूर्वी आठ युनिट जायचे, आता तीनच्या आत. थर्मोस्टॅटवर अंश नाहीत, नुसते १ ते ६ आकडे आहेत; वेगळा थर्मामीटर टांगा आणि विसरून जा.

एक सूचना वायरमनची: साध्या पीव्हीसी वायरीला थर्माकोल चिकटू देऊ नका, वायरीचं कव्हर कडक होऊन तडकतं. आमच्याकडे सगळी वायर पाइपमधून घेतली.

सॉकेट कुठे हवं, ते मी स्वतः मोजून सांगितलं होतं. हीटरपासून बरोबर एक मीटर. गेल्या आठवड्यात उजेडासाठी टेबल खिडकीखाली हलवलं, त्याबरोबर हीटरही. आता प्लग सॉकेटपासून वीतभर लांब राहतो. वायरमनला पुन्हा फोन केलाय. तो हसला, ते मला ऐकू आलं.